आवाजाच्या पुढे न धावणारी चित्रं : ‘आबोल ताबोल’चा प्रकरण अभ्यास

लहान मुलाला मांडीवर घेऊन कविता वाचताना एक अडचण हमखास येते. वाचणाऱ्याचा आवाज ओळीमागून ओळ सरकत असतो आणि मुलाने तोवर अख्खं चित्र बघून घेतलेलं असतं. शेवटच्या कडव्यात बोका हौदात पडणार असेल आणि चित्रात तो आधीच भिजून बसलेला असेल, तर शेवटचं कडवं वाचण्यात राम उरत नाही. मूल पान उलटायला लागतं आणि आपण ‘थांब, थांब’ म्हणत राहतो. सचित्र गोष्टीच्या पुस्तकात हे चालून जातं, कारण तिथे गोष्ट पानापानावर वाटलेली असते. कविता मात्र बहुधा एका पानात संपते आणि तिची गंमत कुठेतरी शेवटाकडे दडलेली असते.

चित्राने काय दाखवायचं आणि काय आवाजासाठी राखून ठेवायचं, याचं उत्तर मला सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते सुकुमार राय यांच्या ‘आबोल ताबोल’ या बंगाली संग्रहात. कलकत्त्याच्या यू. राय अँड सन्स या घरच्याच प्रकाशनाने तो १९ सप्टेंबर १९२३ रोजी काढला. शीर्षक असलेल्या ४६ कविता, शीर्षक नसलेले ७ चौओळी तुकडे, आणि सोबत कवीनेच काढलेली चित्रं. पुस्तकाचं कौतुक बंगालीत शंभर वर्षं चाललं आहे. त्यात भर घालण्याचा इथे हेतू नाही. मोठ्याने वाचायचं सचित्र पुस्तक म्हणून ते कसं घडलं, कुठे जमलं आणि कुठे जमत नाही, एवढंच तपासायचं आहे.

घर आणि छापखाना

सुरुवात वडिलांपासून करावी लागते. उपेंद्रकिशोर रायचौधुरी मुलांसाठी लिहीत आणि चित्रंही काढत. स्वतःची चित्रं छापताना त्यांची होणारी दुर्दशा त्यांना सहन होईना. मग त्यांनी विलायतेहून सामग्री मागवून १८९५ साली ठसे बनवण्याचा स्वतःचा धंदा सुरू केला. फोटोसारख्या छटा बारीक ठिपक्यांतून छापण्याच्या हाफटोन पद्धतीवर त्यांनी इतकं मूलभूत काम केलं, की लंडनच्या ‘पेनरोझ’ या छपाईविषयक वार्षिकात त्यांचे लेख छापून आले. १९१३ साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचं मासिक काढलं. (आपल्याकडे वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ पासून निघत होतं. म्हणजे मुलांच्या मासिकाची कल्पना मराठी घरांना तोवर नवी राहिली नव्हती.)

सुकुमार यांचा जन्म १८८७ चा. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी भौतिक आणि रसायन हे विषय घेतले. १९११ मध्ये शिष्यवृत्तीवर विलायतेला जाऊन लंडन आणि मँचेस्टर इथे ते ठसेकाम आणि छपाई शिकले. हाफटोनवर त्यांचेही लेख ‘पेनरोझ’मध्ये आले. १९१३ मध्ये ते परतले आणि डिसेंबर १९१५ मध्ये वडील गेल्यावर ‘संदेश’ची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली. कविता लिहायची, तिचं चित्र काढायचं, त्याचा ठसा कसा उतरेल ते बघायचं, अंक वेळेवर काढायचा, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात. गडपार रोडवरच्या १०० नंबरच्या इमारतीत छापखाना आणि राहतं घर दोन्ही होतं.

या तपशिलाला मी एवढी जागा देतो आहे त्याला कारण आहे. मुलांचा कवितासंग्रह एरवी कसा तयार होतो? कवी हस्तलिखित देतो, प्रकाशक ते चित्रकाराकडे पाठवतो, चित्रकाराला पैसे आणि वेळ दोन्ही कमी मिळतात, तो कवितेतली सर्वांत ठळक घटना उचलतो आणि रंगवून देतो. ती घटना बहुधा शेवटची असते. यात चित्रकाराचा दोष नाही. कवितेत काय लपवून ठेवायचं आहे ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. सुकुमारांच्या बाबतीत लपवणारा आणि दाखवणारा हात एकच होता.

डमी

१९२१ मध्ये मुलगा सत्यजित जन्मला आणि त्याच वर्षी सुकुमार काळ्या आजाराने अंथरुणाला खिळले. तेव्हा हा रोग म्हणजे जवळजवळ मरणच होतं. त्यावरचं प्रभावी औषध, युरिया स्टिबामाइन, त्याच सुमारास त्याच शहरात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी तयार करत होते. अडीच वर्षांच्या या आजारपणात सुकुमारांनी ‘संदेश’साठी लिहिणं थांबवलं नाही, आणि अंथरुणातच ‘आबोल ताबोल’ची जुळणी केली. कविता निवडणं, क्रम लावणं, पानांची डमी (छपाईआधीचा नमुना), मुखपृष्ठ, सगळं त्यांचं. १० सप्टेंबर १९२३ ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते वारले. पुस्तक नऊ दिवसांनी आलं. अखेरच्या दिवसांत रवींद्रनाथ येऊन त्यांच्यासाठी गाऊन गेले, हा प्रसंग बंगालीत पुष्कळदा सांगितला जातो. या प्रकरणात त्याचं काम नाही. काम आहे ते डमीचं.

‘संदेश’मध्ये कविता महिन्याला एखादी येई, तिच्या मागेपुढे गोष्टी, कोडी, माहितीचे लेख असत. संग्रहात कवितेला कविता लागते. सलग वाचली तर चौथ्या कवितेला मूल कंटाळतं, आणि खरं सांगायचं तर वाचणाराही. सुकुमारांनी इथे तीन गोष्टी केल्या. पुष्कळ कविता बाहेर ठेवल्या. त्यांतल्या काही नंतर १९५० मध्ये ‘खाइ खाइ’ या संग्रहात आल्या. पहिल्या आणि शेवटच्या कवितेला एकच नाव दिलं, ‘आबोल ताबोल’: पहिली हाक मारून खेळायला बोलावते, शेवटचीत गाणं संपून झोप येते. आणि मध्ये ते सात चौओळी तुकडे पेरले.

या तुकड्यांकडे समीक्षकांचं फारसं लक्ष जात नाही, पण मोठ्याने वाचणाऱ्याला त्यांची किंमत लगेच कळते. एका तुकड्यात बोलणारा कानाशी येऊन सांगतो : हुगळीला गेलो होतो, तिथे तीन डुकरं दिसली आणि त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. झालं, संपलं. चाळीस ओळींची कविता वाचून घसा कोरडा पडलेला असताना असं काही समोर आलं की वाचणाऱ्याला दम खाता येतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला, ज्याला लांब कवितेतलं अर्धं कळलेलं नसतं, त्याच्या मापाचं काहीतरी मिळतं. डुकराला टोपी नसते हे त्याला ठाऊक असतं. म्हणून हसणं त्याच्या हातात येतं, मोठ्यांकडून उसनं घ्यावं लागत नाही.

चित्र काय सांगतं, काय सांगत नाही

हाफटोनचे सूक्ष्म ठिपके ज्याने विलायतेत जाऊन अभ्यासले, त्याने या पुस्तकातली बहुतेक चित्रं साध्या काळ्या रेषेत काढली. बऱ्याच चित्रांत मागे घर नाही, झाड नाही, आभाळ नाही. पांढऱ्या कागदावर एक प्राणी किंवा एक माणूस. मांडीवरचं मूल पुस्तक तिरकं बघतं, कधी उलटंही. अशा वेळी गर्दीचं चित्र त्याला शोधत बसायला लावतं आणि शोधण्यात गुंतलेलं मूल ऐकत नाही. इथे शोधायला काही नाही. एक नजर टाकली की आकृती कळते आणि कान मोकळा राहतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही चित्रं बहुधा पात्राची ओळख करून देतात, घटना सांगत नाहीत. ‘हुंकोमुखो हँगला’ ही कविता घ्या. चित्रात एक उदासवाणा प्राणी आहे आणि त्याला दोन शेपट्या आहेत. मूल विचारणार, हा रडवेला का? कविता तोच प्रश्न घेऊन पुढे जाते आणि उत्तर अगदी शेवटाकडे देते : माशी उजवीकडे बसली तर उजव्या शेपटीने मारता येते, डावीकडे बसली तर डाव्या, पण ती मधोमध बसली तर मारायची कशाने? चित्रात दोन शेपट्या पहिल्यापासून डोळ्यांसमोर आहेत आणि तरी त्यांचा अर्थ आवाज तिथवर पोचल्याशिवाय उलगडत नाही. सुरुवातीला मांडलेल्या अडचणीचं याहून नेटकं उत्तर मी पाहिलेलं नाही.

‘खुडोर कल’मध्ये मात्र उलट आहे. चंडीदासच्या काकाने एक यंत्र शोधलं आहे. ते अंगावर चढवलं की तोंडापुढे खाऊ लोंबकळतो, आणि तो गाठायच्या नादात माणूस मैलोन् मैल चालून जातो. हे यंत्र शब्दांत समजावायला गेलं तर कविता रखडली असती. तिथे चित्र आधी सगळं दाखवून टाकतं आणि कविता नुसती मजा घेत पुढे जाते. म्हणजे ‘चित्राने काही दाखवू नये’ असा नियम नाही. कुठलं ओझं कोणी उचलायचं ते कवितेगणिक ठरलेलं आहे, आणि ते ठरवणाऱ्याला दोन्ही कामं येत होती.

आणि या चित्रांचा चेहरा. कविता वाह्यातपणा करत असताना चित्र कधी डोळा मारत नाही. ‘खिचुडी’ या कवितेत बदक आणि साळिंदर मिळून हाँसजारू होतो, बगळा आणि कासव मिळून बकच्छप, हत्ती आणि देवमासा मिळून हातिमी. हे प्राणी प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शोभतील इतक्या निगुतीने काढले आहेत. पिसं कुठे संपली आणि काटे कुठे सुरू झाले तो सांधा दिसत नाही. आजच्या बालपुस्तकांत असला प्राणी आला की चित्रकार त्याला बटबटीत डोळे आणि हसरं तोंड देतो, ‘बघ हं, ही गंमत आहे’ असं बजावण्यासाठी. मुलाला ते सांगावं लागत नाही. सरळ चेहऱ्याने समोर ठेवलेला हाँसजारू त्याला खरा वाटतो, आणि मग तो काय खातो, अंडी घालतो का, असे प्रश्न सुरू होतात.

वाचताना

बंगाली ‘छड्या’चा, म्हणजे बडबडगीताचा, ताल आपल्या कानाला परका नाही. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी ठोका पडतो, ‘ये रे ये रे पावसा’ म्हणताना टाळी पडते तसा. सुकुमारांनी हा लोकगीतांतला ताल जवळ ठेवला आणि ओळीची लांबी कवितेच्या गरजेप्रमाणे बदलली. ‘बाबुराम सापुडे’ इवल्या इवल्या ओळींची आहे. दर दोन ओळींना यमक. गारुड्याला कोणी विनवतो आहे : दोन साप देऊन जा बाबा, पण डोळे नसलेले, शिंग नसलेले, नख नसलेले, न पळणारे, न चावणारे, नुसता दूधभात खाणारे. यमक इतकं जवळ येतं की मूल दुसऱ्यांदा ऐकताना पुढचा शब्द स्वतः टाकतं. मागणं असं वाढत जातं आणि शेवटी कळतं की असे गरीब साप हवे आहेत ते काठीने ठोकून थंड करायला! मोठ्यांना यात भेकडाचा पराक्रम दिसतो. मुलं त्या शेवटच्या ओळीला फक्त ओरडतात, आणि त्यांनी ओरडावं.

‘भय पेयो ना’ वाचायला कठीण आहे आणि म्हणूनच मला ती या संग्रहातली वाचून दाखवण्याची सर्वोत्तम कविता वाटते. डोक्यावर शिंगं असलेला एक भयंकर प्राणी गोड आवाजात समजूत काढतो : भिऊ नकोस, मी मारणार नाही, कुस्तीत मी तुझ्यापुढे टिकणारच नाही, शिंगं आहेत, पण मला डोकेदुखी आहे, मी ढुशी देत नाही, हातात सोटा आहे, पण हलका आहे, लागणार नाही, माझ्या बिळात चार दिवस राहायला ये, तुला लाडाने शिंक्यावर टांगून ठेवीन. अजून भितोस? मग पाय धरू का? मी आहे, बायको आहे, नऊ मुलं आहेत, उगाच भ्यालास तर सगळे मिळून चावू! प्रेमळपणा एकसारखा राखत शब्दांतली धमकी वाढवत न्यायची, ही कसरत वाचणाऱ्याने करायची. आवाज राकट केला की कविता मेली. चित्राने शिंगं दाखवून झालेली आहेत, तेव्हा आवाजाने ती पुन्हा दाखवायची गरज नाही. आवाज लोण्यासारखा ठेवला की मुलाच्या पोटात खरा गोळा येतो. चार वर्षांच्या आतल्या मुलाला ही वाचावी का? मूल बघून ठरवावं. काहींना ती रोज हवी असते, काही पुस्तकच मिटवतात.

‘शब्दकल्पद्रुम’मध्ये ज्यांना आवाज नसतो त्यांचे आवाज आहेत. फूल उमलतं ते फटाक्यासारखं ठास् ठास् करत, वास पळतो तो सणसणत, चंद्र बुडतो तो झपकन पाण्यात पडल्यासारखा, झोप मोडते ती काचसामान फुटावं तशी. मराठीतही चंद्र बुडतो आणि झोप मोडते, त्यामुळे ही कविता बंगाली न येणाऱ्या मुलालाही नागरी अक्षरांतून वाचून दाखवली तर बरीचशी पोचते.

कुठे जमत नाही

सगळा संग्रह लहान मुलांचा आहे असं मानलं तर फसगत होते. ‘सत्पात्र’ ही कविता लग्नाच्या स्थळाची चेष्टा आहे. परीक्षेत पुन्हापुन्हा नापास होणारा नवरामुलगा हा विनोद पाच वर्षांच्या मुलाला काय कळणार? शिवाय त्याच्या काळ्या रंगावरचा टोमणा आज वाचणाऱ्याच्या जिभेवर अडतो, अडायला हवा. ‘एकुशे आइन’मध्ये शंकराच्या देशात घसरून पडलं तरी प्यादा धरून नेतो आणि एकवीस रुपये दंड होतो. अभ्यासक त्यात इंग्रजी राजवटीचे कायदे पाहतात, ते ठीकच; मुलाला नुसता एकवीसचा आकडा पुन्हापुन्हा येण्याची मजा वाटते, पण त्यासाठी त्याला आकडे यायला हवेत. म्हणजे वयाच्या सातआठ वर्षांपर्यंत हे पुस्तक घरात टिकतं खरं, पण पहिली काही वर्षं त्यातला एक लहान भागच कामाचा असतो. सुकुमारांनी प्रस्तावनेत सांगून टाकलं होतं की हे खेयाल-रसाचं, म्हणजे लहरी गमतीचं, पुस्तक आहे आणि ज्यांना तो रस चाखता येत नाही त्यांच्यासाठी ते नाही. वयाचा उल्लेख त्यांनी केलाच नाही. आजचा प्रकाशक मागच्या पानावर ‘वयोगट ३ ते ६’ छापल्याशिवाय राहत नाही आणि ग्राहकही तेच आधी बघतो.

घर मोडल्यावर

सुकुमारांच्या पश्चात यू. राय अँड सन्सने १९२४ मध्ये त्यांची ‘ह य ब र ल’ ही गोष्ट पुस्तकरूपात काढली, पण धंदा काही वर्षांतच बुडाला आणि विधवा सुप्रभा राय लहानग्या सत्यजितला घेऊन गडपारच्या घरातून बाहेर पडल्या. १९४३ मध्ये दिलीपकुमार गुप्त यांनी सुरू केलेल्या सिग्नेट प्रेसने सुकुमारांची पुस्तकं पुन्हा नीट छापून वाचकांपुढे आणली. सत्यजित राय तिथेच पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करत असत. लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, म्हणजे १९७३ अखेर, स्वामित्वहक्क संपला आणि कोणालाही हे पुस्तक छापता येऊ लागलं.

तिथून दोन तऱ्हेच्या आवृत्त्या दिसतात. मूळ रेषाचित्रं ठेवणाऱ्या, आणि ‘मुलांना रंग लागतो’ म्हणून नवी रंगीत चित्रं करून घेणाऱ्या. रंगाला माझा विरोध नाही. पण नव्या चित्रांची परीक्षा घ्यायची तर दोन शेपट्यांच्या त्या प्राण्यावरच घ्यावी. चित्रकाराने नाकाच्या शेंड्यावर, मधोमध माशी बसवली असेल तर त्याला कविता कळली आहे पण ती कोणी कोणाला तरी वाचून दाखवणार आहे हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

मराठीत हे पुस्तक आणायचं म्हटलं तर पेच आणखी घट्ट होतो. हातिमीत हाती आणि तिमी यांच्यामध्ये एक ‘ति’ सामाईक आहे. शब्द जिथे चिकटतो तिथेच प्राणी चिकटतो आणि चित्र तो सांधा दाखवतं. हत्ती आणि देवमासा मराठीत कुठेच चिकटत नाहीत. मूळ चित्र ठेवलं तर शब्द लंगडा होतो. मराठीत चिकटतील असे प्राणी घेतले, समजा मगर आणि गरुड मिळून मगरुड, तर सुकुमारांचं चित्र सोडावं लागतं. मला दुसरा रस्ता बरा वाटतो. विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ १९६३ साली स्वतंत्रपणे लिहिला, बंगालीतून आणला नाही. अशा कवितेला मराठीत जागा आहे हे तिथे सिद्ध झालेलं आहे. फक्त मगरुडाचं चित्र कवितेचा खर्डा चालू असतानाच निघालं पाहिजे आणि चित्रकाराने ती कविता निदान एकदा कवीच्या तोंडून ऐकलेली असली पाहिजे. प्रकाशकाच्या खर्चाच्या कागदावर या बैठकीसाठी सध्या रकाना नसतो.